झोळीत ती गप्प राहायची

दूध पोटात गेलं की प्राप्ती मागे वाकायची. आधी मान, मग पाठ, मग टाचा. ओली फळी उन्हात पडली की एका अंगाने उचलली जाते, तशी ती चटईवरून उचलली जायची आणि घशातून घासल्यासारखा आवाज काढायची. ओठाच्या कोपऱ्यातून आंबूस पाणी गळायचं. त्या पाण्याने तिच्या हनुवटीखालचं कातडं कायम लाल असायचं.

“वारं धरतंय पोरीला,” सखुबाई म्हणायची आणि तिच्या पोटाभोवती हिंगाचं बोट फिरवायची, नळी चुकवून.

प्राप्ती तिची नात. नऊ वर्षांची. जन्मली तेव्हा तिने रडायला फार वेळ लावला होता, आणि तेवढ्या वेळात मेंदूचं जे नुकसान व्हायचं ते होऊन गेलं. तिला बसता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं, घास गिळताना भलतीकडे जायचा. शेवटी मुंबईच्या डॉक्टरांनी तिच्या पोटाला बेंबीच्या वर भोक पाडून नळी बसवली. तिची आई कल्पिता त्या नळीला मोठी सिरिंज लावून दूध, गाळलेली पेज, डाळीचं पाणी थेट पोटात सोडायची. पोरीच्या हाडांवर जरा मांस दिसू लागलं. पण पोटात गेलेलं पोटात राहायला तयार नव्हतं. पावसाळ्यात तिची छाती भरली, थंडीत पुन्हा भरली, आणि दर वेळी इस्पितळातून परत आलेली प्राप्ती आधीपेक्षा हलकी असायची.

तिच्या त्या वाकण्यावर इलाज सापडला तो काळूरामला, तिच्या आज्याला.

धरमतरच्या खाडीकाठी, जिथे अजून थोडी मिठागरं उरली आहेत, तिथे आगरी बायका कामाला जाताना पोरं बरोबर नेतात. बांधावर चार बांबूंचा मांडव असतो आणि मांडवात झोळी. काळूराम झोळीत वाढला, त्याचा मुलगा जीवन झोळीत वाढला. प्राप्तीला लुगड्याची झोळी पुरेना, तेव्हा काळूरामने रघू कोळ्याकडून टाकाऊ जाळं आणलं, त्याची दुहेरी वीण घातली, आत सखुबाईचं मऊ झालेलं लुगडं अंथरलं. त्या झोळीत प्राप्ती मावली. गुडघे पोटाशी, हनुवटी छातीवर. एकदा आत गेली की तिला मागे वाकता येत नव्हतं. दोन झोके दिले की आवाज बंद.

“म्हाताऱ्याच्या हाताला गुण हाय,” शेजारच्या कोंडीवर, म्हणजे मिठाच्या वाफ्यावर, काम करणारी कोकिळा म्हणाली होती.  ते वाक्य काळूरामने जपून ठेवलं होतं.

वैशाख चढला होता. कोंड्यांमधलं खारं पाणी आटून मीठ वर आलं होतं आणि पश्चिमेला, खाडीच्या तोंडाशी, दोन दिवस ढग येऊन जात होते. मीठ ओढून रास लावेपर्यंत आभाळाने थांबायला हवं होतं. सगळे घाईत होते. त्या सकाळी कल्पिताने मांडवात बसून प्राप्तीला दूध दिलं. एरवी ती सिरिंज हातात उंच धरायची आणि दूध आपल्या वजनाने उतरू द्यायची. आज तिने दट्ट्या लावला आणि ढकललं.

“एवढी कशाला दमतीस?” कोकिळा बांधावरून ओरडली. “पंप लाव की मोटरीचा.”

“तू लावून दे,” कल्पिता म्हणाली. “तुझ्या नवऱ्याला म्हनावं बीडी सोड न् पंप घे.”

बायका हसल्या. प्राप्ती मागे वाकू लागली तशी काळूरामने तिला उचलली, झोळीत ठेवली, झोका दिला. ती गप्प झाली. कल्पिता लाकडी फळी घेऊन कोंडीत उतरली. काळूरामने कनवटीचा मोबाईल काढला. जीवन बंदरावर ट्रेलर चालवायचा, चार-चार दिवस घरी येत नव्हता. त्याला दाखवायला काळूरामने झोळीचं चित्रण घेतलं. “बघ रं,” तो मोबाईलला म्हणाला, “बघ तुझी लेक. दूध प्याली न् गपगार. आभाळ आलंय, पन मीठ निघंल. तू काळजी नको करू.” आणि चित्रण पाठवून दिलं.

दुपारी भाकरी खायला सगळे मांडवात आले तेव्हा प्राप्ती तशीच होती. कल्पिताने झोळीची कड बाजूला केली आणि तिच्या हातातली भाकरी खाली पडली.

प्राप्तीचे ओठ जांभळे होते. नाकपुड्या फुलत होत्या आणि बरगड्यांमधलं कातडं दर श्वासाला आत ओढलं जात होतं. अंग चुलीच्या दगडासारखं तापलेलं. काळूरामला आधी वाटलं तिला उठवावं. मग कळलं की ती जागीच आहे. डोळे उघडे होते आणि ती त्याच्याकडे बघत होती.

कोकिळेच्या दिराची इको गाडी होती. वडखळच्या फाट्यावर गाड्यांची रांग लागली होती. कल्पिता पोरीला मांडीवर घेऊन तिच्या तोंडावर फुंकर घालत होती, जणू विझू लागलेल्या चुलीला. काळूराम पुढे बसला होता. पायांना मीठ वाळून पांढरं झालं होतं आणि ते पायपुसण्यावर पडत होतं. त्याला त्याचीही लाज वाटत होती. 

अलिबागच्या इस्पितळात प्राप्तीच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लागली, हातात सुई गेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, रुचिका नाव. त्यांनी छातीच्या फोटोची फिल्म दिव्यासमोर धरून बराच वेळ पाहिली.

“पोटातलं वर येतंय आणि श्वासात जातंय,” त्या म्हणाल्या. “पुन्हा तेच. दूध देताना कशी असते ती?”

“मांडीवर,” कल्पिता म्हणाली. “डोकं वर.”

“आणि नंतर?”

“मंग झोपते.”

“कुठे झोपते?”

“तिथंच. आमच्याजवळ.”

यात खोटं काही नव्हतं. झोळी ही सांगायची गोष्ट असते हे कल्पिताला सुचलं नाही, सखुबाईला सुचलं नसतं, आणि काळूराम तर दाराशी उभा होता. पोर झोळीत असतं. आणखी कुठे असणार?

जीवन अंधार पडायच्या आत पोचला. ट्रेलर कुणाच्या तरी हवाली करून आला होता. कपड्यांना डिझेलचा वास. त्याने पोरीच्या कपाळाला हात लावला आणि मग डॉक्टरीणबाईंसमोर हात जोडून उभा राहिला.

“मॅडम, सकाळपर्यंत ठीक होती हो. माझ्याकडे व्हिडिओ हाय सकाळचा. बघा ना. एकदम शांत झोपली होती.”

रुचिका मॅडमनी मोबाईल घेतला. एकदा पाहिलं. मग आवाज वाढवून, मोबाईल कानाजवळ धरून पुन्हा पाहिलं.

“हे कोण बोलतंय?”

“मी,” काळूराम दारातून म्हणाला.

“आजोबा, इकडे या. ऐका.”

त्याने ऐकलं. त्याचाच आवाज होता, बघ रं, बघ तुझी लेक. वाऱ्याची सळसळ. बांबूची करकर. आणि त्याच्या बोलण्याच्या मागे, मधूनमधून, बाटलीतून पाणी उलटं येताना होतो तसा बारीक आवाज. गुळूक. थोडा वेळ काही नाही. पुन्हा गुळूक.

“ती तेव्हाच बुडत होती,” असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या नाहीत. त्या फक्त म्हणाल्या, “रोज ठेवता यात?”

“व्हय. दूध झालं की.”

“बसा.”

तो बसला नाही. त्या उठून त्याच्यापाशी आल्या आणि एका हाताची मूठ करून दुसऱ्या हाताने ती दाबून दाखवली. “हे पोट समजा. झोळीत तिची घडी होते. पोट असं दाबलं जातं. पोटाचं वरचं तोंड तिचं मुळातच सैल आहे, अशा मुलांचं असतं. मग दूध वर येतं, त्याच्याबरोबर पोटातलं आम्लही. आपल्याला छातीत जळलं तर आपण उठून बसतो, घोटभर पाणी पितो. तिला एकच येतं. ती मागे वाकते.”

“मंग झोळीत गप्प का ऱ्हाते?”

“वाकायला जागा नसते म्हणून, आजोबा.”

काळूरामने मान हलवली. समजलं अशी. मग बाहेर जाऊन तो व्हरांड्यातल्या नळावर पाय धूत बसला. पाय स्वच्छ झाले तरी धूत राहिला. जीवन त्याच्या मागे येऊन उभा राहिला.

“बाबा, तुम्हाला कोन काय बोललं नाय.”

“न्हाय,” काळूराम म्हणाला. “कोन न्हाय बोललं.”

प्राप्ती वाचली. आठवडाभराने तिला घरी आणलं तेव्हा तिच्याबरोबर एक नवीन भीती घरात आली, ऑपरेशनची. मुंबईचे सर्जन पोटाचा वरचा भाग अन्ननळीच्या टोकाभोवती गुंडाळून ते सैल तोंड आवळणार होते. त्यातही धोका होता, रुचिका मॅडमनी तो लपवला नव्हता. एवढ्या अशक्त पोरी टेबलावर दगावतातही, त्या म्हणाल्या होत्या. पण असंच राहिलं तर पुढचा पावसाळा ती काढेल असं त्या सांगू शकत नव्हत्या. तारीख मिळाली होती. मात्र छाती स्वच्छ हवी. छातीत पुन्हा पाणी गेलं तर भूल देणारे डॉक्टर हात लावणार नाहीत, आणि मग ती तारीख गेली.

तोवर घरात करायचं ते एवढंच: आम्ल कमी करायचं औषध. एका वेळी थोडंसंच दूध, तेही हळू. दूध देण्याआधी नळी उघडून पोटातला वारा बाहेर सोडायचा. आणि दूध झाल्यावर पोरीला तासभर सरळ, उभी, छातीशी धरून ठेवायची.

औषधाचे बारीक दाणे कॅप्सूलमध्ये होते. नळीत अडकतात म्हणून सखुबाईने पहिल्याच दिवशी ते पाट्यावर वाटले. दाणे चिरडायचे नाहीत, चिरडले की औषधाचा गुण जातो, असं मॅडमनी बजावलं होतं. कल्पिताने पाटा पाहिला आणि तिथेच बसून रडली. सखुबाई म्हणाली, “मीठ न्हाय का वाटत आपन?” आणि मग स्वतःच पाटा धुवायला उठली.

रोज संध्याकाळी कल्पिता प्राप्तीच्या पाठीला कान लावायची. हे इस्पितळातल्या नर्सने शिकवलं होतं. आत ओलं वाजतं की कोरडं. ती ऐकत असताना घरात कुणी भांडं हलवत नव्हतं. “कोरडं हाय,” ती म्हणाली की सखुबाई चुलीकडे वळायची.

दिवसा सरळ धरायचं काम काळूरामकडे आलं. कल्पिताला कोंडीत उतरावं लागत होतं. त्याचे गुडघे आता तसे उतरत नव्हते. मांडवाच्या खांबाला पाठ टेकून, पाय पसरून तो बसायचा आणि प्राप्तीला छातीशी उभी धरायचा. तिची मान त्याच्या खांद्यावर. ती वाकायची. मागे, सगळ्या ताकदीने. नऊ वर्षांची, रिकाम्या पोत्यासारखी हलकी पोर, पण वाकायला लागली की त्याचे दंड थरथरायचे. तिचा आवाज थेट त्याच्या कानात जायचा. त्याला आता माहीत होतं की तिला जळतंय. आधी ते माहीत नव्हतं. तेव्हा पोर धरणं सोपं होतं.

“काका, काय मारता का काय पोरीला?” कोकिळा लांबून म्हणायची. “पार खाडीपल्याड ऐकू येतंय. आगऱ्याची पोरं कवा झोळीबिगर वाढलीत?”

“डॉक्टरीन न्हाय म्हनली.”

“डॉक्टरनीनं किती पोरं वाढवली?”

 झोळी त्याच मांडवात होती. आता कोकिळेचा नातू त्यात झोपायचा, तान्हा, धडधाकट, दूध पिऊन ढेकर देणारा. काळूरामनेच ती देऊन टाकली होती. विणलेली चीज जाळून कशाला टाकायची, असं तो सखुबाईला म्हणाला होता. खरं तर त्याला ती घरात नको होती.

मुंबईला निघायचं त्याच्या आदल्या दिवशी आभाळ खाली उतरलं.

सकाळपासून वारा बंद होता. रास लागली होती, पुरुषभर उंच, पांढरी, आणि ट्रक संध्याकाळी येणार होता. ताडपत्री अर्धीच अंथरली होती, कारण खालून अजून मीठ चढत होतं. जीवन मुंबईच्या सामानासाठी घरी गेला होता. कल्पिताने मांडवात प्राप्तीला दूध दिलं, हळू, सिरिंज खाली धरून. संपलं तेव्हा खाडीकडून पहिला गार झोत आला आणि मांडवाचा पेंढा उडाला.

“आलं गो!” कोकिळा ओरडली. “ताडपत्री!”

कल्पिताने प्राप्तीला काळूरामच्या हातात दिलं आणि ती पळाली. बांधावरून सगळे राशींकडे पळत होते. वाऱ्याने ताडपत्रीचं एक टोक उचललं, ते मोठ्या पक्ष्यासारखं फडफडलं आणि कल्पिताच्या हातून सुटलं. तिने पुन्हा धरलं. दुसऱ्या टोकाला कुणी नव्हतं.

“मामा!” तिने सासऱ्याला हाक मारली. मग तिलाच आठवलं असावं. तिने पुन्हा हाक मारली नाही. एकटीच दोन्ही टोकं धरायला बघू लागली.

कोकिळा नातवाला काखेला मारून झोपडीकडे निघाली होती. झोळी रिकामी झाली होती, अजून झुलत होती.

“अहो, टाका तिला आत!” ती जाता जाता म्हणाली. “पाच मिनिटांनी काय व्हतंय? साल पान्यात चाललंय तुमचं!”

काळूराम उठला. तो कसा उठला हे त्यालाही कळलं नाही. रास त्याला दिसत होती आणि तिच्याखाली झगडणारी सून दिसत होती. प्राप्ती वाकत होती, आवाज करत होती. त्याने झोळीची कड उघडली आणि तिला खाली टेकवलं.

तिची पाठ जाळ्याला लागली. गुडघे आपोआप पोटाशी आले. हनुवटी छातीवर गेली. आवाज बंद.

सगळीकडे वारा होता, माणसांच्या हाका होत्या, ताडपत्रीचा फटकारा होता. पण त्या एवढ्याशा जागेत एकदम शांत झालं.  तो वाकला आणि त्याने तिच्या तोंडाशी कान नेला, आणि ऐकू यायच्या आधीच त्याने तिला काखांत हात घालून ओढून काढली. लुगडं तिच्या पायात अडकून बरोबर आलं. त्याने तिला छातीशी उभी धरली, खांबाशी बसला, पाठ टेकली. तिचा आवाज येईना. त्याने तिच्या पाठीवर थोपटलं. “प्राप्ती,” तो म्हणाला. “बाय. ए बाय.”

काही नाही.

“वाक,” तो म्हणाला. “वाक ना गो.”

तिची मान त्याच्या खांद्यावर पडलेली होती. मग ती हलली. पाठ ताठ झाली, टाचा त्याच्या मांडीत रुतल्या आणि सगळी पोर मागे उचलली गेली, आणि तो घासलेला, कर्कश आवाज त्याच्या कानात शिरला. काळूरामने डोळे मिटून घेतले. “रड,” तो म्हणाला. “रड, माझी आय.”

पाऊस आडवा आला. मांडवाचा पेंढा गळू लागला तेव्हा त्याने झोळीतलं लुगडं तिच्या डोक्यावर धरलं. बांधापलीकडे रास दिसेनाशी झाली, मग पुन्हा दिसली. ताडपत्री कोंडीत पडली होती. राशीचं टोक आधी बोथट झालं. मग तिच्या अंगावरून ओघळ उतरले, आणि ओघळांच्या जागी चिरा पडल्या, आणि चिरांमधून पांढरं पाणी कोंडीत परत जाऊ लागलं, जिथून ते आलं होतं. काळूराम बघत होता. त्याचे दंड थरथरत होते आणि प्राप्ती रडत होती. तिने रडायचं थांबवलं की तो श्वास धरायचा आणि तिने पुन्हा सुरू केलं की सोडायचा.

बराच वेळ गेला. पाऊस बारीक झाला. कल्पिता चिखलातून चालत आली, केसांतून पाणी गळत होतं, तळहात दोरीने सोलले होते. राशीकडे तिने मागे वळून पाहिलं नाही. ती मांडवात आली आणि तिला झोळी दिसली. आतलं लुगडं नव्हतं. ते प्राप्तीच्या डोक्यावर होतं.

तिने काळूरामकडे पाहिलं.

“ठेवली व्हती,” तो म्हणाला. “टेकवली नुसती. लगेच काढली.”

कल्पिता त्याच्यासमोर चिखलात गुडघे टेकून बसली, पदराने कान कोरडा केला आणि प्राप्तीच्या पाठीला लावला. काळूराम तिच्या तोंडाकडे बघत होता. पेंढ्यातून टपटप पाणी पडत होतं. तेवढंही थांबावं असं त्याला वाटलं. लांबून कोकिळा काहीतरी विचारत होती. कल्पिताने हात वर करून तिला गप्प केलं. तिने कान दुसऱ्या बाजूला लावला, मग खाली, बरगडीपाशी.

“काय गो?” काळूरामने विचारलं. 

तिने पुन्हा एकदा, सगळ्यात वर, मानेजवळ, कान टेकवला.

“कोरडं हाय,” ती म्हणाली. मग चिखलाच्या हातांनी तिने प्राप्तीला घेतलं नाही. त्याचेच हात, जसे होते तसे, खालून घट्ट धरले. “मामा, अजून थोडं धरा. तास न्हाय झाला.”